मला मढवणारे हात

मी जपानी ढोल. आमच्याकडे मला तायको म्हणतात. उंची दीड हात, केयाकी नावाच्या झाडाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेला, दोन्ही तोंडांना गाईचं कातडं आणि कडेनं गोल डोक्यांचे खिळे. सध्या मुक्काम बहारीन, सनद नावाची वस्ती, दुसरा मजला, हॉलचा कोपरा, शूरॅकच्या शेजारी. जपानी ढोल मराठी कसा बोलतो म्हणून डोळे मोठे करू नका. तीन वर्षं मी सुजीतच्या घरात आहे. त्यातले पहिले सहा महिने त्याच्या आईची, सुमनबाईंची शिकवणी होती. त्या बाईंपुढं दगडालाही वाचा फुटली असती.

तसा बोलणं हा माझा जन्माचाच धंदा. पण आजवर जे बोललो ते दुसऱ्याच्या हातानं. टिपरू ज्याच्या हातात, आवाज त्याचा. आज पहिल्यांदा आपणहून तोंड उघडतोय आणि तेही कबुली द्यायला. मी माझ्याच माणसांच्या मुळावर आलो. एकदा नाही, दोनदा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं तुमच्यात म्हणतात ना? तो दांडा मी.

माझा जन्म शोगुनच्या राज्यातला, एकशे साठ वर्षांपूर्वीचा. सम्राट होता, पण नावापुरता. कारभार सगळा एदोच्या किल्ल्यात बसलेल्या शोगुनचा. सगळ्यांत वर सामुराई, कमरेला दोन तलवारी. त्यांच्याखाली शेतकरी, मग कारागीर, मग व्यापारी. बाप ज्या पायरीवर, पोरगा त्याच पायरीवर. आणि सगळ्यांच्या खाली, ज्यांना पायरीच नाही अशी माणसं. मेलेली गुरं ओढायची, कातडी सोलायची, कमवायची, देहदंड दिलेल्यांची प्रेतं उचलायची, ही त्यांची कामं. त्यांना ‘एता’ म्हणायचे. ज्या अक्षरांनी हा शब्द लिहायचे, त्यांचा अर्थ ‘घाण फार’. वस्ती गावाबाहेर, नदीकाठी. तुम्हाला यात काही नवीन वाटत नसेल. इथं आल्यावर मी तुमच्याकडचं ऐकलं, तेव्हा मलाही वाटलं नाही.

त्या नदीकाठच्या वस्तीत गोहेई नावाच्या माणसानं मला घडवलं. आडनाव नाही, नुसता गोहेई. कातडं नदीत भिजवलं, केस खरवडले, दोरांनी ताणलं, वर उभं राहून टाचांनी दाबलं, मग पुन्हा ताणलं. आणि ते चढवायच्या आधी ब्रश शाईत बुडवून माझ्या पोटात, आतल्या लाकडावर, गावाचं नाव, स्वतःचं नाव आणि साल लिहिलं. ढोल बनवणाऱ्यांची ही रीतच होती. एकदा कातडं चढलं की आतलं कुणाला दिसत नाही. पन्नास वर्षांनी कातडं फाटलं तर जो पुन्हा मढवायला बसेल तोच वाचणार, आणि मढवणारा त्याच वस्तीतला असणार. म्हणजे आपल्याच पोरानातवंडांना लिहिलेलं पत्र म्हणा ना.

मला विकत घेतलं पलीकडच्या गावच्या देवळानं. गोहेई मला पाठीवर घेऊन गेला आणि फाटकाबाहेर उतरवून वीस पावलं मागं जाऊन गुडघ्यांवर बसला. पुजाऱ्यानं माझ्यावर मीठ टाकलं, पाणी शिंपडलं आणि मग मला आत नेलं. त्याच्या हातानं मढवलेला मी चाललो, त्याचा हात नाही चालला. मी नवा होतो, मला काही कळत नव्हतं. देवळात आपली जागा उंचावर आहे याचाच मला आनंद झाला होता.

मग शोगुनशाही बुडाली, मेइजी सम्राटाचं राज्य आलं. काय काय बदललं म्हणून सांगू! डोक्यावरच्या शेंड्या कापल्या, तलवारी गेल्या, आगगाडी आली, शाळा आल्या, पंचांगसुद्धा बदललं. अठराशे एक्काहत्तर साली नव्या सरकारनं फर्मान काढलं, की एता हा शब्द आजपासून रद्द. आता सगळे सारखे. नदीकाठच्या लोकांनी त्या दिवशी भात रांधून एकमेकांना वाटला, असं मी नंतर ऐकलं.

पण कागदावर सारखे झाले म्हणून रस्त्यावर थोडेच होतात! नदीकाठचा माणूस आता वाटेत भेटला तर गुडघे टेकत नाही, सामाईक न्हाणीघरात येतो, याचा गावाला राग. त्यात सक्तीची लष्करभरती, शाळांचा खर्च, त्याचाही राग. सरकारचं काही वाकडं करता येईना. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय? अठराशे त्र्याहत्तर साली उन्हाळ्याच्या तोंडाला, भर दुपारी, गाव देवळात जमलं. कुणीतरी टिपरं उचलली आणि मला बडवायला लागलं.

माझा आवाज फार चांगला होता हो. दोन कोस जायचा. गोहेईनंच तसा केला होता मला. आजूबाजूच्या सात गावांनी तो ऐकला, माणसं भाले आणि मशाली घेऊन आली आणि सगळे मिळून नदीकडे गेले. बत्तीस घरं जाळली. मी देवळातून धूर बघत होतो, म्हणजे मला तो दिसत होता, आणि वरून कुणीतरी मला अजून बडवतच होतं. बडवता बडवता माझं एका बाजूचं कातडं फाटलं. आधी का नाही फाटलं, हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारतो.

आता बघा माणसांची गंमत. आठ दिवसांनी देवळाची माणसं मला घेऊन त्याच नदीकाठी गेली. का? मढवायला! दुसरं कोण मढवणार? गोहेई वारला होता. त्याचा मुलगा किसुके जळक्या वाशांचा आडोसा करून बसला होता. त्यानं मान खाली घालून मला ठेवून घेतलं. फाटकं कातडं काढलं, बापाचं अक्षर वाचलं. मग शाई करून खाली लिहिलं: ‘मेइजी सहावं वर्ष. या ढोलानं बोलावलेल्यांनी आमची बत्तीस घरं जाळली. माझी बायको ओ-हारू बाहेर येऊ शकली नाही. गोहेईचा मुलगा किसुके यानं पुन्हा मढवला. कातडं चांगलंच लावलं आहे.’

आणि कातडं खरंच चांगलं लावलं होतं. पण त्यानं मला देवळात परत दिलं नाही. पाठीला बांधलं आणि मुलाला घेऊन तो प्रांत सोडून निघून गेला. मी पुन्हा तसा वाजू नये, एवढंच त्याच्या मनात असावं. पुढं आडनाव लावायची सक्ती झाली तेव्हा त्यांनी निशिओका लावलं. चार पिढ्या मी त्यांच्या फडताळात, कापडात गुंडाळून होतो. घरच्या बायका मला फडक्यानं पुसत, पण वाजवत कुणीच नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तुम्ही म्हणाल, शंभर वर्षांनी कोण विचारतं? विचारतात की! लग्न ठरलं की मुलीकडचे माणूस लावून खानदान शोधतात, आजोबा कुठल्या वस्तीतले ते बघतात. म्हणून या घरातल्या आजीनं कागदोपत्री गाव बदलून घेतलं होतं. नातू इंजिनियर झाला, नोकरी लागली, तेव्हा तिनं त्याला एकदाच सगळं सांगितलं आणि मला त्याच्या हवाली केलं. म्हणाली, “विकू नकोस. आणि उघडू नकोस.”

तो नातू म्हणजे निशिओका-सान; ‘सान’ म्हणजे तुमचं ‘राव’. चौतिशीचा, सडपातळ, हसताना तोंडावर हात धरणारा. एकोणीसशे ब्याण्णव साली त्याच्या कंपनीनं त्याला बहारीनला पाठवलं, अस्करजवळच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात नवीन यंत्रं बसवायला. त्यानं मला बरोबर आणलं. इथं आपल्याला कोण ओळखतं, असं त्याला वाटलं असेल. जपानी लोकांच्या क्लबात सण असला की तो मला घेऊन जायचा आणि वाजवायचा. ‘जुन्या बाजारात घेतला,’ असं सांगायचा. शंभरएक वर्षांनी मी वाजत होतो! काय सांगू तुम्हाला, मला फार बरं वाटायचं.

पण तीन उन्हाळे त्यानं मला एसीच्या तोंडासमोर ठेवलं. कातडं वाळून पापडासारखं झालं आणि शहाण्णवच्या नव्या वर्षाच्या कार्यक्रमात तिसऱ्याच ठोक्याला फाटलं. आता खरं सांगू? मला आणखी काही दिवस तग धरता आला असता. पण पोटात एवढं लिहिलेलं घेऊन मी सव्वाशे वर्षं बसलो होतो. कुणीतरी ते वाचावं असं मला वाटत होतं. हा माझा दुसरा गुन्हा, आणि यात टिपरं मारणाऱ्याकडे बोट दाखवायची सोय नाही.

कारखान्यात निशिओकाच्या हाताखाली सुजीत होता, मेंटेनन्सचा फोरमन, वाशीम जिल्ह्यातला. चांगला माणूस. मनात आलं की तोंडात आलं, असा. जपानी माणूस म्हणजे बौद्ध देशातला माणूस, म्हणून त्याला निशिओकाचं केवढं कौतुक! फाटलेला ढोल बघून तो म्हणाला, “सर, नो टेन्शन. माय फादर इज हिअर ऑन व्हिजिट व्हिसा. ही नोज.” आणि मला गाडीत घालून सनदला घेऊन आला.

त्याचे वडील शामराव सोफ्यावर बसले होते. साठीचे, हाडापेरानं मजबूत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जागचे उठलेच.

“हे काऊन आणलं बे घरी?”

“बाबा, साहेबाचं हाय. फाटलं. तुम्हाले येते ना मढवता.”

“येते म्हणून करू काय? छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो आन् त्याच दिवशी डफडं इहिरीत टाकलं मी. ढोरं ओढणं सोडलं, वाजवणं सोडलं. गावानं बोलणं टाकलं तरी पुन्हा हात नाई लावला. आन् तू मले इथी, समुद्रापार आणून, कातड्याले हात लावाले सांगतं?”

सुमनबाई आतून म्हणाल्या, “आता गं माय! ज्या वासातून बाहेर निघालो, तोच वास पुन्हा घरात?”

सुजीतचं तोंड एवढंसं झालं. त्यानं निशिओकाला फोन केला. शुक्रवारी सुटी होती, निशिओका मला परत न्यायला आला. दारात बूट काढून व्यवस्थित बाजूला लावले, वाकून नमस्कार केला. सुमनबाईंनी चहा दिला. शामराव मुकाट बसले होते, पण कारागिराचा हात तो, किती वेळ गप्प बसणार? नुसतं बघावं म्हणून त्यांनी फाट बोटांनी फाकवली, आत पाहिलं आणि थबकले.

“सुजीत, बॅटरी आण. ह्याच्या आत काही लिवलं हाय.”

बॅटरीचा उजेड आत पडला. निशिओका वाकला आणि वाचायला लागला. ओठ हलत होते. मग हलायचे थांबले. तो तिथंच फरशीवर बसला. सव्वाशे वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते झालं होतं आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

शामरावांनी सुजीतला सांगितलं, “त्याले म्हणा, लाजू नको. म्हणा, आम्ही महार होतो. मेलेली ढोरं ओढायचो. माणसं सावली घेत नव्हते आमची. आता बौद्ध हाओ.” हे त्यांनी असं सांगितलं, जसं कुणी आपल्या गावचं नाव सांगावं. सुजीतनं इंग्रजीत सांगितलं.

निशिओकानं मान वर केली. इतक्या सरळपणे कुणी हे बोलू शकतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. आणि मग जन्मात पहिल्यांदा तो बोलला. मोडक्या इंग्रजीत, थांबत थांबत: गोहेई, किसुके, नदीकाठ, बत्तीस घरं, ओ-हारू. सुजीत ऐकून आई-वडिलांना मराठीत सांगत होता. सुमनबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

“जिवंत जाळली का वं?” एवढंच त्या म्हणाल्या.

शामराव उठले. “सुजीत, उद्या कातडं आण. गाईचं, ताजं. मी मढवतो.” चाळीस वर्षांची आण त्यांनी एका वाक्यात मोडली.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी राहिली. ‘हे कुणाला सांगू नका,’ असं निशिओका म्हणाला नाही. त्याच्याकडे ते म्हणावंच लागत नाही. आणि सुजीतच्या घरात लपवायची पद्धतच नाही. तिथं ते छाती पुढं काढून सांगतात. दोन्ही माणसं सरळ होती, म्हणून तर घात झाला.

नजीब नावाच्या खाटकाकडून कातडं आलं. शामरावांनी ते गच्चीत चुन्याच्या पाण्यात भिजवलं, खरवडलं, ताणलं. सुमनबाई नाकाला पदर लावून बोलत होत्या आणि बोलता बोलता दोर धरत होत्या. निशिओका दर शुक्रवारी यायचा. शामराव कातड्यावर उभे राहून दाब द्यायचे तेव्हा तो त्यांच्या कोपराला धरायचा. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. शामराव म्हणायचे, “हं, आता ओढ,” आणि तो बरोबर ओढायचा. ते दोन महिने मी आयुष्यात सगळ्यांत सुखी होतो, हेही कबूल करून टाकतो.

याच सुमारास निशिओकाचं लग्न ठरलं. मुलगी कोबे शहरातली, त्याचे वरिष्ठ ओगावा यांच्या बायकोची भाची. त्यानं सुजीतला फोटो दाखवला. सुजीतनं पेढे आणले.

एप्रिलमध्ये बाबासाहेबांची जयंती आली. इथल्या आपल्या मंडळींनी एका क्लबचा हॉल घेतला, सुजीत सेक्रेटरी. प्रमुख पाहुणे कोण, तर बौद्ध देशातले ओगावा साहेब! आणि निशिओका ढोल वाजवणार. त्यानं आनंदानं हो म्हटलं. हॉल भरला. निळे झेंडे, बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या, पोरांची धावपळ. मला स्टेजवर मधोमध ठेवलं होतं. पहिल्या रांगेत ओगावा सूट घालून बसले होते, आणखी चार जपानी शेजारी.

सुजीत माइकवर आला. इंग्रजीतच बोलला, पाहुण्यांना कळावं म्हणून. आधी सगळं लिहून आणलेलं नीट वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, निशिओकाकडे पाहिलं, आणि त्याला राहवलं नाही. कागद खिशात घालून म्हणाला, “मित्रहो, हे दुःख फक्त आपल्या वाट्याला आलं असं आपल्याला वाटतं. पण जपानातही होतं! हा ढोल ज्यांनी बनवला त्यांना तिथं अस्पृश्य मानत. त्यांची बत्तीस घरं जाळली. आणि मला सांगायला अभिमान वाटतो, त्यांचाच पणतू आज इंजिनियर होऊन इथं बसला आहे. निशिओका-सान आपले भाऊ आहेत. ते आपल्यातलेच आहेत!”

अख्खा हॉल उभा राहिला. ‘जय भीम’चा असा गजर झाला, की माझी दोन्ही कातडी आपोआप थरथरली. लोक स्टेजवर चढले, निशिओकाला मिठ्या मारल्या. एका म्हाताऱ्यानं तर त्याच्या कपाळाचा मुका घेतला. ओगावा आपल्या बुटांकडे बघत होते. बाकीचे चौघेही.

कुणीतरी ओरडलं, “आता ढोल होऊन जाऊ द्या!” निशिओकानं टिपरं उचलली. तो नाही म्हणू शकला असता, पण मग तो नकारच सुजीतच्या बोलण्याला उत्तर ठरला असता. त्यानं वाजवलं, पूर्ण वाजवलं, एक ठोका चुकला नाही. आणि मी? मी माझ्या जन्मातला सगळ्यांत सुंदर आवाज काढला. शामरावांचं नवं कातडं, मला काय धाड भरली होती! लोक टाळ्यांचा ताल धरत होते. निशिओकाचे हात माझ्या अगदी जवळ होते म्हणून मला दिसलं, नखांपर्यंत पांढरे पडले होते.

खाली बसलेल्या सुमनबाईंनाही दिसलं. घरी येताना गाडीत त्या म्हणाल्या, “सुजीत, त्या माणसाचं तोंड पाह्यलं का तू?”

“भरून आलं असन आई.”

“भरून आलं की असं दिसत नाई, बापा.”

दुसऱ्या दिवशी ओगावा सुजीतला म्हणाले, ‘कार्यक्रम छान होता.’ बस, एवढंच. कुणी निशिओकाला वावगा शब्द बोललं नाही. सगळे पूर्वीसारखेच कमरेत वाकत होते. फक्त कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर बसायला कुणाला सवड मिळेना. कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर इक्बाल सुजीतला म्हणाला, “उस्ताद, दोनों साहब अब एक गाडी में नहीं बैठते. कुछ हुआ क्या?” तेव्हा कुठं सुजीतला आईचं गाडीतलं बोलणं आठवलं. महिन्याभरानं कोबेहून पत्र आलं. मुलीकडच्यांनी लग्न मोडलं होतं. कारण लिहिलं नव्हतं.

सुजीतला जेवण जाईना. एक दिवस तो शामरावांना म्हणाला, “बाबा, आपण तर अभिमानानं सांगतो. मी काय वाईट केलं?”

शामराव म्हणाले, “आपण आपलं सांगतो. तू त्याचं सांगितलं.”

शामराव इंग्रजी कळत नसल्यानं त्या दिवशी टाळ्या वाजवत बसले होते, आणि तेही त्यांना खात होतं.

जूनमध्ये निशिओका सनदला आला. कंपनीनं त्याची बदली केली होती, चार दिवसांत निघायचं होतं. नेहमीसारखे बूट बाजूला लावले, वाकून नमस्कार केला. सुजीत त्याच्या पायांशी वाकायला गेला, तर तो मागं सरला.

“सर, आय अॅम सॉरी,” सुजीत म्हणाला. “मला वाटलं... आमच्यात...”

“तुम्ही एक शब्दही खोटं बोलला नाहीत, सुजीत-सान,” निशिओका हळू म्हणाला. “खोटं असतं तर मला नाही म्हणता आलं असतं.”

मग त्यानं पिशवीतून पटाशी काढली, सुताराची असते तशी. म्हणाला, “ढोल उघडून द्या. आतलं पुसायचं आहे.”

सुजीतनं सांगितलं तेव्हा शामराव म्हणाले, “बापजाद्यांचं लिवलेलं हाय. मी नाई पुसत.”

“तुम्ही नका पुसू. फक्त उघडा.”

स्वतःच्या हातानं ठोकलेले खिळे शामरावांनी पक्कडीनं एकेक करून उपटले. कातडं काढलं. सुजीतनं बॅटरी धरली. निशिओका गुडघ्यांवर बसला आणि खरवडायला लागला. आधी गाव. मग गोहेई. मग साल, मग किसुके. लाकडाची भुकटी फरशीवर पडत होती. मला दुखलं का म्हणून विचारू नका, मला ते सांगायचा हक्क नाही.

एक ओळ राहिली, ओ-हारूची. निशिओकानं पटाशी टेकवली आणि हात उचलला. पुन्हा टेकवली, पुन्हा उचलला. मग त्यानं ती पटाशी सुजीतपुढं धरली.

“तुम्ही करा,” तो म्हणाला.

सुजीतनं बापाकडे पाहिलं. शामराव खिडकीकडे तोंड करून उभे होते. सुमनबाई म्हणाल्या, “नको रे बापा, बाईमाणसाचं नाव हाय.” पण ज्या माणसाला सुजीतनं बुडवलं होतं, त्याला नाही कसं म्हणायचं? त्यानं बॅटरी आईच्या हातात दिली आणि पटाशी घेतली. जी गोष्ट सगळ्या जगाला ओरडून सांगावी असं त्याला वाटलं होतं, तिची शेवटची ओळ त्यानं स्वतःच्या हातानं खरवडून काढली. रडत होता. पूर्ण होईपर्यंत थांबला मात्र नाही.

निशिओकानं मला नेलं नाही. “आता हा नुसता ढोल आहे,” म्हणाला, वाकला आणि गेला. पुढं त्याचं काही कळलं नाही. शामराव आणि सुमनबाई व्हिसा संपला तसे गावी परतले. जाताना शामरावांनी कातडं पुन्हा चढवलं नाही आणि सुजीतनं सांगितलंही नाही. तेव्हापासून मी एका तोंडानं उघडा आहे. पाहुणे विचारतात, हे काय, तर सुजीत म्हणतो, ‘एका मित्राचं आहे.’ पूर्वीसारखा तो सभेत बोलत नाही. सेक्रेटरीपणही सोडलं.

तर असा मी. एकदा मला वाजवलं म्हणून आणि एकदा मी फाटलो म्हणून माझ्याच माणसांचा घात झाला. आणि आता हे सगळं तुम्हाला सांगत बसलो, म्हणजे तिसऱ्यांदा तेच केलं की! ज्या माणसानं पटाशीनं पुसून घेतलं, त्याचं मी पुन्हा चव्हाट्यावर मांडलं. तुमच्याकडे एकच मागणं. कुणाचं दुःख हाती लागलं आणि ते कितीही आपल्यासारखं वाटलं, तरी ते सांगायचं की नाही हे आधी त्याला विचारा. मी विचारलेलं नाही.

म्हणून निशिओका हे आडनाव मी बदलून सांगितलं आहे. गोहेई आणि किसुके हीही त्यांची खरी नावं नव्हेत. ओ-हारूचं तेवढं नाही बदललं. ते आता दुसरीकडे कुठंच लिहिलेलं नाही.